लिनक्सची आवृत्ती बदलताना



इतवारीहून उमरेडमार्गे नागभीडला जाणारी नॅरोगेजची गाडी आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. रुंदीकरणासाठी २०१९ साली ती बंद झाली. त्या रुळांमधले अंतर अडीच फुटांचे, आणि ब्रॉडगेजचे साडेपाच फुटांचे. आता नुसते रूळ दूर सरकवले म्हणजे रुंदीकरण झाले, असे कोणी म्हणेल का? रुळांखालचे स्लीपर बदलावे लागतात, पूल रुंद करावे लागतात, फलाट नव्या मापाने बांधावे लागतात, आणि इंजिन-डबे तर सारेच निराळे. एक पूल जरी जुन्या मापाचा राहिला तरी गाडी त्या पुलाशीच थांबायची.

संगणकावरची लिनक्स प्रणाली जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर नेताना असेच होते. मी काही संगणकशास्त्रज्ञ नव्हे. निवृत्तीनंतर नागपुरातल्या एका लहानशा वाचनालयाचे संगणक हौसेने सांभाळतो, इतकेच. पण २०२४ च्या मे महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली. तिने मला जे शिकवले ते आज आपल्याला सांगणार आहे.

आधी दोन शब्दांचा खुलासा करतो. लिनक्सच्या अनेक शाखा आहेत. त्यांतली एक जुनी शाखा डेबियन. ईअन मरडॉक यांनी ती १९९३ साली सुरू केली. आपल्या सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ प्रणालीही डेबियनवरच उभी आहे. डेबियनमध्ये प्रत्येक प्रोग्राम एका गाठोड्यात बांधून येतो. त्याला पॅकेज म्हणतात. गाठोड्याला एक चिठ्ठी असते. तीत लिहिलेले असते: मला अमुक पॅकेज लागते, तेही अमुक आवृत्तीचे किंवा त्यापुढचे; आणि तमुक पॅकेजशी माझे जमत नाही. या लागण्यालाच डिपेन्डन्सी म्हणायचे. डेबियनच्या बाराव्या आवृत्तीत अशी चौसष्ट हजारांवर पॅकेजेस आहेत. त्यांच्या चिठ्ठ्या वाचून सर्वांचा मेळ घालण्याचे काम ‘ॲप्ट’ नावाचा कारभारी करतो.

आमच्या वाचनालयात पुस्तकांची आणि सभासदांची नोंद ‘कोहा’ या प्रोग्रामवर ठेवतात. हा न्यूझीलंडमध्ये तयार झाला, २००० सालापासून सर्वांना मोफत खुला आहे, आणि भारतातली कितीतरी ग्रंथालये तो वापरतात. संगणकावर डेबियनची अकरावी आवृत्ती होती, नाव ‘बुल्सआय’. बारावी आवृत्ती जून २०२३ मध्ये आली, तिचे नाव ‘बुकवर्म’, म्हणजे पुस्तकी किडा! वाचनालयाला याहून शोभेसे नाव कुठले? मी ठरवले, परीक्षा संपल्या आहेत, वर्दळ कमी आहे, एका रात्रीत हे काम उरकून टाकावे.

रात्री नऊला बसलो. बाहेर उकाडा, कूलरची घरघर. ॲप्टला म्हटले, सगळी प्रणाली बदल. त्याने भली मोठी यादी पडद्यावर टाकली. इतकी पॅकेजेस बदलणार, इतकी नवी येणार, आणि खाली, ‘पुढील पॅकेजेस काढून टाकली जातील’. शेवटी प्रश्न: पुढे जाऊ का? मी यादी वाचलीच नाही, बरं का! हो म्हटलं आणि चहा प्यायला गेलो.

त्या काढायच्या यादीत कोहाचे नाव होते.

सकाळी साडेसहाला ग्रंथपालबाईंनी संगणक लावला. कोहा नाही. बाहेर पायऱ्यांवर स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी वीस-पंचवीस मुले दार उघडायची वाट पाहत होती. बाई म्हणाल्या, ‘‘भाऊ, आता पोट्टे आत येतील अन् पुस्तकं मागतील. कोणतं पुस्तक कोणाकडं आहे, मी काय सांगू?’’ अकरा वर्षांची नोंद होती ती. माझ्या तोंडचे पाणी पळाले.

मी एका परिचिताला फोन लावला. तो म्हणाला, सगळं पुसून टाका आणि नव्याने बसवा. मी तसेच करणार होतो. पण बाईंनी हात धरला. म्हणाल्या, ‘‘थांबा भाऊ. पुसायच्या आधी आपल्या नोंदी कुठं आहेत ते तर बघा.’’

त्या एका वाक्याने वाचनालय वाचले. डेबियनमध्ये पॅकेज ‘काढणे’ आणि ‘समूळ पुसणे’ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. काढले तर प्रोग्राम जातो. त्याची मांडणी मागे राहते. नोंदी तर कोहाच्या पोटात नव्हत्याच, त्या मारियाडीबी नावाच्या वेगळ्या पॅकेजच्या ताब्यात होत्या, आणि ते जागच्या जागी होते. शिवाय कोहा रोज सगळ्या नोंदींची एक प्रत करून ठेवतो, तीही सापडली. ती प्रथम पेनड्राइव्हवर उतरवून घेतली, आणि मगच पुढच्या कामाला हात घातला. तोवर बाईंनी एक वही काढून पुस्तकांची देवघेव हाताने लिहायला सुरुवात केली होती.

मग शांतपणे शोधले, की ॲप्टने कोहा काढला तरी का? कोहा डेबियनच्या भांडारातून येत नाही. तो त्याच्या स्वतःच्या भांडारातून येतो. मी डेबियनचा पत्ता नवा लिहिला, पण कोहाच्या भांडाराचा पत्ता जुन्या आवृत्तीचाच ठेवला. इकडे डेबियनने पर्ल ही भाषा ५.३२ वरून ५.३६ वर नेली, तिच्याबरोबरची पॅकेजेसही बदलली. जुन्या कोहाच्या चिठ्ठीतल्या मागण्या आता पुऱ्या होईनात. रूळ रुंद झाले आणि डबा राहिला अडीच फुटी! ॲप्टने तो बाजूला काढला, आणि तसे मला आधी विचारलेही होते. दोष त्याचा नव्हताच. कोहाच्या भांडाराचा पत्ता बुकवर्मला चालणाऱ्या आवृत्तीचा केला, यादी ताजी केली, कोहा पुन्हा बसवला. त्याने जुन्या नोंदी आपणहून नव्या साच्यात घेतल्या. साडेनऊला पहिले पुस्तक संगणकावरून दिले गेले.

आता यातून काय घ्यायचे ते सांगतो. पहिले, नोंदींची प्रत दुसऱ्या जागी ठेवल्याशिवाय आवृत्ती बदलू नये. त्याच संगणकातली प्रत म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवण्यासारखे आहे. दुसरे, डेबियनखेरीज आणखी कुठून काय आणले आहे त्याची यादी करावी, आणि त्या प्रत्येकाची नवी आवृत्ती निघाली आहे का ते आधी पाहावे. नसेल तर थांबावे. तिसरे, एका वेळी एकच पायरी चढावी. अकरावरून एकदम तेरावर उडी मारायची नाही, बाराव्यावरून जायचे. चौथे, ॲप्टला ‘नुसते करून दाखव’ असे सांगता येते. मग तो काही न बदलता पूर्ण यादी दाखवतो. तीत काढायच्या पॅकेजेसची नावे एकेक करून वाचावी.

पाचवे, जबरदस्ती करू नये. नव्या आवृत्तीत ओपनएसएसएल १.१ नाही, ३.० आहे. एखादा जुना प्रोग्राम १.१ साठी अडून बसतो, आणि आपण कुठून तरी ते जुने पॅकेज आणून कोंबतो. प्रोग्राम चालतो खरा, पण १.१.१ ची मोफत देखभाल सप्टेंबर २०२३ मध्येच थांबली. म्हणजे कुलूप नसलेले दार आपण आपल्याच हाताने बसवले. आणि मध्येच वीज गेली, काम अर्धवट राहिले, तर घाबरू नये. डीपीकेजी या खालच्या कारकुनाला ‘राहिलेली मांडणी पुरी कर’ एवढे सांगितले, की बहुधा तो काम तिथूनच पुढे नेतो. तरीही यूपीएस असावाच. मे महिन्यातल्या नागपूरच्या विजेची ओळख मी आपल्याला काय करून द्यावी!

‘डिपेन्डन्सी पुरी होत नाही’ हा निरोप आला की आपल्याला राग येतो. पण तो निरोप म्हणजे पुलाअलीकडे उभ्या केलेल्या माणसाच्या हातातले लाल निशाण आहे. खाली उतरावे, पूल कुठला ते पाहावे. त्या सकाळची ती वही ग्रंथपालबाईंनी अजून जपून ठेवली आहे. नवी आवृत्ती घालायची वेळ आली की आधी ती माझ्यासमोर उघडून ठेवतात, आणि विचारतात, ‘‘भाऊ, यादी वाचली का?’’