बळद रिकामे करताना

बुलढाणा जिल्ह्यातील जुन्या धाब्याच्या घरांतील बळद, म्हणजे धान्य साठविण्याची भिंतीतील बंद कोठडी, पीक थेट बाजार समितीत जाऊ लागल्याने अनेक ठिकाणी अडगळीची जागा बनली असून, फाटके बारदान, मोडकी तिफण आणि गंजके पत्रे यांच्या आड विंचू-सापांना आयता आसरा मिळतो. म्हणून तेथील सामान दिवसाउजेडी, बूट घालून व काठीने हलवूनच बाहेर काढावे. सांदीतल्या जुन्या दाण्यांतील सोंडे, म्हणजे धान्य पोखरणारे किडे, नव्या धान्यातही शिरत असल्याने फटी झाडून लिंपाव्यात. कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली दप्तरे, मात्र रद्दीत घालणे सर्वस्वी अनुचित होय, कारण १८५३ पर्यंत निजामाच्या अंमलाखाली असलेल्या वऱ्हाडातील जमीन-वतनाचे कित्येक व्यवहार मोडी या जलद लेखनाच्या लिपीत नोंदलेले आहेत. असे कागद मोडी जाणणाऱ्याला दाखविल्याशिवाय टाकू नयेत.