विजेच्या दुचाकीचा चार्जर : उन्हाळ्यात घ्यावयाची काळजी



छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपुढे जातो. विजेवरील दुचाकी आता खेड्यांतही आली आहे. देशात २०२२ साली अशा काही दुचाकींना आगी लागल्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले. तरीही घरची काळजी आपणच घ्यावयाची आहे.

चार्जरने ७०० वॅट वीज घेऊन बॅटरीला ६०० वॅट दिली, तर उरलेल्या १०० वॅटची उष्णता होते. ती बाहेर पडण्यास मोकळी हवा लागते. म्हणून चार्जर गादीवर, पोत्यावर किंवा डिकीत ठेवू नये. सावलीत, फरशीवर, चोहोबाजूंनी वीतभर जागा सोडून ठेवावा. पंख्याच्या जाळीवरील धूळ व रुई, प्लग काढून, कोरड्या ब्रशने झाडावी.

उन्हातून आल्याबरोबर चार्जिंग सुरू करू नये. लिथियम बॅटरी ४५ अंशांपेक्षा जास्त तापलेली असताना सहसा चार्ज करीत नाहीत. तिला तासभर सावलीत निवू द्यावे. शिसे-आम्ल बॅटरीचा चार्जर लिथियम बॅटरीस कदापि लावू नये.

कापूस साठविलेली खोली, कडब्याची गंजी व गोठा येथे चार्जिंग टाळावे. घरातील मंडळी जागी असतानाच चार्जिंग करावे. बॅटरी फुगल्यास किंवा उग्र वास आल्यास प्लग काढून वापर थांबवावा. धूर निघाल्यास मात्र आधी माणसे दूर न्यावीत, शक्य असल्यास मेन स्विच बंद करावा व अग्निशमन दलास बोलवावे. वर्षभराचा कापूस आणि दावणीची जनावरे यांपुढे चार्जिंगची घाई मोठी नाही.