आधी मूठ, मग बाकीचं
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



गर्दी पाहून आधीच सांगतो, मी पिस्तूल बरोबर आणलेलं नाही. (हशा) हत्यारांचा प्रचार होतोय म्हणून ज्यांनी समितीला पत्र धाडलं, तेही आले असतील. त्यांचं स्वागत. मी बोलणार आहे ते खेळातल्या पॉइंट टू-टू पिस्तुलाबद्दल.

हे पिस्तूल सेमी-ऑटोमॅटिक असतं, म्हणजे रिकामी पुंगळी आपोआप बाहेर पडते, पुढची गोळी आपोआप आत येते, चाप मात्र दर गोळीला ओढावा लागतो. हे तुम्हाला ठाऊकच आहे, पुढे जाऊ.

रेंजवर नवा पोरगा आला की पहिला प्रश्न, "सर, चाप कोणता बसवू? जादा वजनं कुठली लावू?" मी म्हणतो, आधी मूठ बघ. कोरी कोल्हापुरी कितीही देखणी असली तरी चावायची ती चावतेच, पिस्तुलाचंही तसंच.

माझा हेका वाटत असेल तर अमेरिकी लष्कराचं ऐका. जॉन ब्राउनिंगने रचलेलं कोल्ट पिस्तूल त्यांनी १९११ मध्ये स्वीकारलं. त्याआधी ६,००० गोळ्यांची चाचणी झाली; तापलं की पाण्यात बुडवायचं आणि पुन्हा झाडायचं. पठ्ठ्या पास झाला. मग आलं पहिलं महायुद्ध, आणि तक्रारी सुरू झाल्या त्या हाताच्या. स्लाइड मागे आली की अंगठा आणि तर्जनीमधली कातडी घोड्याखाली चिमटायची. आखूड बोटांच्या शिपायाचं बोट चापापर्यंत धड पोचायचं नाही. विसाच्या दशकात सुधारणा झाल्या. घोड्याची शेंडी आखूड केली, मुठीवरच्या सेफ्टीचं शेपूट लांबवलं, चाप आखूड केला, त्याच्या मागे फ्रेमला दोन्हीकडून खाचा घेतल्या, मुठीची पाठ फुगवली. पुढची साइट रुंद केली ती डोळ्यासाठी, मान्य. पण आतलं यंत्र? होतं तसंच! १९२६ मध्ये त्याला एम-१९११-ए-वन हे नाव मिळालं आणि दुसरं महायुद्ध त्यानेच काढलं. आणि ब्राउनिंग हा माणूस असा, की...

(चिठ्ठी येते.) दहा मिनिटं? अहो, अजून खेळावर आलोच नाही! (हशा) बरं, ब्राउनिंग राहू द्या.

स्पर्धेच्या पिस्तुलाला कारखान्यातूनच लाकडी मूठ येते: लहान, मध्यम, मोठी. आपला हात या तिन्हींच्या मधलाच कुठला तरी असतो. मग पकड घेऊन बघायचं. जिथे पोकळी राहते तिथे लाकडाची पुट्टी भरायची, ओली असतानाच हात दाबून ठसा घ्यायचा, वाळली की कानस आणि पॉलिश पेपर. जिथे टोचतं तिथे घासायचं, पण थोडं थोडं. डोळे मिटून पिस्तूल उचला, मग उघडा. दोन्ही साइट आपसूक एका रेषेत दिसल्या पाहिजेत. मनगट वळवून त्या जुळवाव्या लागल्या, तर परत कानस घ्या. पुट्टीचा डबा केवढ्याला येतो आणि परदेशी चाप केवढ्याला, हिशेब तुम्हीच करा.

शिवाय चाप हलका करून करून किती करणार? २५ मीटर पिस्तुलात तो किमान १,००० ग्रॅमचा लागतो. तपासणीच्या टेबलावर नळी उभी धरतात आणि चापाला वजन टांगतात. वजन तोलून धरलं तर पास. जादा वजनं लावाल, तर सगळं मिळून १,४०० ग्रॅमची मर्यादा आहे. आपली राही सरनोबत २०१८ च्या एशियाडला पालेम्बांगमध्ये सुवर्ण जिंकली... (टाळ्या) वाजवा, वाजवा, नेमबाजीत ते मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तिलाही हेच नियम होते. मुठीलाही नियम आहेत, तिने हाताला वेढा घालायचा नाही. पण तळव्याच्या आकाराची करायला कोण अडवतंय?

अध्यक्ष घड्याळ बघताहेत. मागून कुणीतरी रेड डॉटचं विचारलं. या स्पर्धांत तो चालत नाही, उघड्या साइटच लागतात. इलेक्ट्रॉनिक चापाचं ज्यांना विचारायचंय, त्यांनी खाली चहाच्या टेबलापाशी भेटा.