पंचांच्या नजरेपुढे



कामगार चळवळीतल्या माणसांनी शरीरसौष्ठवावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतली पोरे पाळी संपली की व्यायामशाळेत जातात. म्हणून आम्हीही तिथे जातो. युनियनच्या सभेपेक्षा सभासद तिथेच जास्त भेटतात!

कुस्तीत हरणाऱ्याची पाठ मातीला लागलेली असते. वाद उरत नाही. 'श्री'च्या स्पर्धेत तसे मोजमाप नाही. अंगाला रंग लावलेले गडी ओळीत उभे, ठरलेल्या पोझेस, आणि पंचांची नजर. १९०१ साली सँडोने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये स्पर्धा भरवली तेव्हा पंचांत शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉईल होते. पण त्यांच्याही हाती काटा नव्हता. आमच्या भाषेत सांगायचे तर कुस्ती ही नगावरची मजुरी, आणि ही स्पर्धा म्हणजे साहेबाच्या मर्जीवरची बढती. ज्याला आपले नग मोजता येतात तो रात्री झोपतो. मर्जीवर जगणारा आरशापुढे उभा राहतो.

आणि आरसा खोटे बोलतो. हॅरिसन पोप या अमेरिकन मानसवैद्याने १९९० नंतरच्या दशकात दाखवून दिले की, चांगल्या पीळदार तरुणांतही काहींना आपण किडकिडेच आहोत असे वाटत राहते. मग ते भर उन्हाळ्यात सैल, अंगभर कपडे घालतात, पंगतीला जाण्याचे टाळतात.

त्यात भुकेची भर. स्पर्धेआधीचे आठवडे चरबी उतरवण्यात जातात. मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अँसेल कीज यांनी ३६ तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. सारे स्वखुशीने आलेले, धडधाकट. तरी ते चिडखोर झाले, खिन्न झाले, पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागले. आमचा गडी हीच भूक घेऊन रात्रपाळीला प्रेसवर उभा राहतो. कोणी शेवटी पाणीही तोडतो. बक्षिसाचे राहू द्या, तिथे बोटांचा प्रश्न असतो. त्या आठवड्यांत त्याला यंत्रावरून हलवावे, हे आम्ही व्यवस्थापनाशी भांडून मागतो; आणि गड्याने आपण उपाशी आहोत हे लपवू नये, हे त्याच्याशी भांडून.

मग स्पर्धा सोडावी काय? मुळीच नाही. मनोहर आईच यांची उंची पाच फुटांनाही थोडी कमी. ब्रिटिश अमलात तुरुंगात पडले, तिथे व्यायाम वाढवला. १९५१ साली लंडनच्या विश्वश्री स्पर्धेत दुसरे आले. ते परतले नाहीत. तिथल्या रेल्वेत नोकरी धरली आणि १९५२ साली आपल्या गटात जिंकले. त्या वर्षभरात रोजची हजेरी आणि रोजचा पगार हाताशी होता, याला आम्ही फार किंमत देतो. ज्याच्याजवळ निकालाखेरीज काही उरत नाही, त्याला दुसरा क्रमांक मोडतो.

आयोजकांकडे आमची मागणी लहान आहे. निकालानंतर मंचामागे हरलेले गडी मुकाट्याने रंग पुसत असतात. एका पंचाने तिथे जावे आणि प्रत्येकाला सांगावे: तुझी पाठ कमी पडली, तुझे पाय कमी पडले. जाताना पाण्याचा तांब्या न्यावा.