समास

शाळेतल्या पहिल्या वहीबरोबर आपल्या हाती जी गोष्ट येते, ती पानाच्या डाव्या अंगाची तांबडी उभी रेघ. तिच्या पलीकडे लिहावयाचे नाही, ती जागा गुरुजींच्या शेऱ्याची, असा दंडक असे. त्या कोऱ्या पट्टीला आपण समास म्हणतो. व्याकरणातही समास आहे. पण तो दोन शब्दांना जवळ आणून त्यांचा एक करतो आणि पानावरचा समास मजकुराला कडेपासून दूर ठेवतो. ‘दासबोधा’तल्या दोनशे समासांचा अर्थ आणखी निराळा. एकाच शब्दाने इतकी परस्परविरुद्ध कामे कशी पत्करली, हा भाषाशास्त्रज्ञांचा प्रश्न आहे. मी सरकारी नोकर असल्यामुळे माझा संबंध पानाच्या कडेशी.

कचेरीतल्या टिपणीला समास सोडावाच लागे. फायलीची दोरी ओवण्याचे भोक तेथे पडावयाचे, आणि वरिष्ठांना काही सुचले तर तेही तेथेच उतरावयाचे. आपल्या जुन्या पोथ्यांमध्ये लेखकाच्या हातून सुटलेली अक्षरे मागाहून समासात लिहिलेली आढळतात. फ्रान्समधल्या फेर्मा या गणितज्ञाने सुमारे १६३७ साली एका ग्रंथाच्या समासात एक सिद्धान्त टिपून ठेवला आणि त्याची सिद्धता मावण्याइतका हा समास मोठा नाही, अशी पुस्तीही जोडली. ती सिद्धता अँड्र्यू वाइल्स यांच्या हाती निर्दोष स्वरूपात आली ती १९९४च्या सप्टेंबरात.

योगायोग असा, की त्याच्या पुढच्याच महिन्यात, म्हणजे १९९४च्या ऑक्टोबरात, जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत काम करणाऱ्या हाकोन व्हियम ली या नॉर्वेजियन गृहस्थांनी एक प्रस्ताव मांडला. संगणकाच्या पडद्यावर जी पाने आपण वाचतो, त्यांतला मजकूर एका ठिकाणी असावा आणि तो कसा दिसावा याचे नियम वेगळे लिहावेत, असा त्याचा आशय होता. पुढे बर्ट बॉस हे त्यांना येऊन मिळाले, आणि १९९६च्या डिसेंबरात ‘कॅस्केडिंग स्टाइल शीट्स’, अर्थात सीएसएस, या नियमावलीची पहिली आवृत्ती मान्य झाली. या नियमांचा सर्वत्र स्वीकार होईपर्यंत पाने रचणारे लोक चार बोटे मोकळी जागा हवी म्हणून तेथे चक्क एक अदृश्य चित्र ठेवीत.

सीएसएसच्या दृष्टीने पानावरची प्रत्येक वस्तू, मग ती शीर्षक असो, परिच्छेद असो की छायाचित्र, एक चौकट आहे. एखाद्या घराची कल्पना करा. आतली माणसे म्हणजे मजकूर. माणसे आणि भिंत यांच्यामधली ऐसपैस जागा म्हणजे ‘पॅडिंग’. भिंत म्हणजे ‘बॉर्डर’. आणि भिंतीच्या बाहेर शेजाऱ्याच्या भिंतीपर्यंत जी बोळ सोडावयाची, ती ‘मार्जिन’, आपला समास. घराला दिलेला रंग भिंतीपाशी संपतो. बोळीत मागची जमीनच दिसते. हा भेद केवळ शोभेचा नाही. पानावरच्या बटनाला पॅडिंग दिले, तर त्या मोकळ्या जागेवर बोट टेकले तरी बटन दाबले जाते. तेवढीच जागा समासात दिली, तर बोट बोळीत पडते आणि काहीच घडत नाही. ज्यांची बोटे जाड आहेत किंवा वयोमानाने कापतात, त्यांना हा फरक विचारा.

चार बाजूंचे समास सांगण्याचा क्रम मला मोठा गोड वाटतो. आधी वरचा, मग उजवा, मग खालचा, शेवटी डावा. आपली प्रदक्षिणाच ती! दोनच आकडे दिले, तर पहिला वर-खाली लागू होतो आणि दुसरा दोन्ही बाजूंना. रुंदी ठरवून दिलेल्या चौकटीला बाजूंच्या समासासाठी आकड्याऐवजी ‘ऑटो’ असे सांगितले, तर उरलेली जागा डावीउजवीकडे सारखी वाटली जाते आणि चौकट आपसूक मध्यभागी येते. वर-खाली मात्र ही युक्ती साध्या रचनेत चालत नाही. शेकडेवारीने समास सांगितला, तर वरचा आणि खालचा समाससुद्धा बाहेरच्या चौकटीच्या रुंदीवरून मोजला जातो, उंचीवरून नव्हे. नवख्याची येथे हमखास फसगत होते.

त्याहून मोठी फसगत समासांच्या विलीनीकरणात होते. वरच्या परिच्छेदाने आपल्या खाली २० पिक्सेल जागा मागितली आणि खालच्याने आपल्या वर ३० मागितली, तर मध्ये किती पडेल? आमच्या हिशेबखात्याचा माणूस ५० म्हणेल. पडतात ३०. दोघांचे मागणे शेजाऱ्यापासून अंतर ठेवण्याचे होते. मोठे मागणे पुरे झाले की धाकटे त्यातच पुरे होते. हे केवळ उभ्या दिशेला घडते, आणि दोन समासांच्या मध्ये भिंत किंवा पॅडिंग आले तर तेथेही घडत नाही. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. रोज त्याच्याशी झगडणाऱ्या तरुण मंडळींचे मत तितकेसे अनुकूल नाही.

समास शून्याहून कमीही ठेवता येतो. पॅडिंगला ती मुभा नाही. असा उणा समास दिला, की चौकट आपली जागा सोडून शेजाऱ्याच्या हद्दीत शिरते. काही वर्षांपूर्वी दिल्लीतल्या आमच्या एका कचेरीने विद्यार्थ्यांसाठी अर्ज मागविणारे पान चार भाषांत काढले. वर ठरीव उंचीची एक रंगीत पट्टी, तीत शीर्षक. आणि त्याखालची माहितीची चौकट वजा ४० पिक्सेलच्या समासाने पट्टीच्या रिकाम्या भागात वर ओढलेली. इंग्रजी शीर्षक आखूड होते, एका ओळीत मावले. माझ्या मेजावरच्या मोठ्या पडद्यावर मी ते इंग्रजी पान पाहिले, सुबक वाटले, आणि चारही पानांना मंजुरी दिली. मराठी पान उघडूनसुद्धा पाहिले नाही.

मुदत संपल्यानंतर पाचव्या दिवशी इंदूरहून एका मराठी बाईंचे पत्र आले. मुलीचा अर्ज भरावयाचा होता, पण अंतिम तारीख कोठेच वाचता आली नाही, अशी त्यांची तक्रार होती. मी फोनवर मराठी पान उघडले. आपले शीर्षक लांब. त्या अरुंद पडद्यावर त्याच्या दोन ओळी झाल्या होत्या. पट्टीची उंची वाढावयास मुभा नव्हती, म्हणून दुसरी ओळ खालच्या रिकाम्या भागात उतरली होती, आणि तेथे वर ओढलेल्या चौकटीची पहिली ओळ आधीच बसलेली होती. अक्षरांवर अक्षरे पडून त्यांचा नुसता गुंता झाला होता. चौकटीतली ती पहिली ओळ म्हणजेच अंतिम तारीख.

चूक माझी आहे, असे मी टिपणीत लिहिले आणि फोनवरच्या त्या पानाचे चित्र कागदावर छापून वरिष्ठांपुढे ठेवले. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेऊन वाचण्याचा प्रयत्न केला आणि कागदाच्या समासात दोन शब्द लिहिले : ‘मुदत वाढवा.’ पंधरा दिवस वाढले, आणि सर्वांनाच वाढले. इंदूरच्या बाईंनी निदान पत्र तरी लिहिले. न लिहिता गप्प बसलेले किती असतील, हा विचार अजून मधूनमधून टोचतो.

पानाची दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. पट्टीची ठरीव उंची काढली, तिला आतून वर-खाली पॅडिंग दिले, उणा समास पुसून टाकला. मग मराठी पान फोनवर पाहून मी समाधानाने उठणार, तोच उर्दू पानाचे काम पाहणारे आमचे सहकारी म्हणाले, “साहेब, जरा आमच्याकडेही पाहता का?” सूचनांच्या यादीला आम्ही डावीकडे समास दिला होता. उर्दू ओळ उजवीकडून सुरू होते. तेथे अक्षरे पडद्याच्या कडेला चिकटली होती आणि मोकळी जागा ओळींच्या शेवटाला वाया गेली होती. यावर सीएसएसमध्ये उपाय आहे. ‘मार्जिन-लेफ्ट’ऐवजी ‘मार्जिन-इनलाइन-स्टार्ट’ असे लिहावे. म्हणजे ओळ ज्या बाजूने सुरू होते, त्या बाजूचा समास. भाषेप्रमाणे तो डावा की उजवा, हे वाचकाच्या हातातले यंत्र ठरविते. आमच्या त्या चारही पानांच्या नियमांत आता ‘डावा समास’ कोठेही उरलेला नाही.