यंत्राचं ‘आत्ता’

नेल नावाची मुलगी रुळांना बांधलेली आहे, गाडी येते आहे आणि डडली तिला सोडवायची योजना आखतो आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासकांचं हे जुनं, जरासं फिल्मी कोडं. डडलीच्या जागी यंत्रमानव असेल तर पंचाईत अशी, की नेहमीच्या तर्कशास्त्रात विचार करायला लागणारा वेळ धरलेलाच नसतो! उत्तर अचूक निघायचं, पण तोवर गाडी निघून गेलेली.

अमेरिकेतल्या मेरिलंड विद्यापीठात डोनाल्ड पर्लिस आणि जेनिफर एल्गॉट-ड्रॅपकिन यांनी १९८०च्या दशकात यावर ‘स्टेप लॉजिक’ मांडलं. त्यात ‘आत्ता पाचवी पायरी चालू आहे’ हीसुद्धा यंत्राला असलेली एक माहितीच. तर्काचं पाऊल पुढे पडलं, की पाचाच्या जागी सहा. बाकीची माहिती बहुतेक तशीच पुढे सरकते. ‘आत्ता’ मात्र दर वेळी नव्याने लिहावं लागतं. समजा, गाडी पन्नासाव्या पायरीला येणार आणि दोर सोडायला दहा पायऱ्या लागणार. मग चाळिसाव्या पायरीपर्यंत आखणी आटपायला हवी, हे डडलीला आखता आखताच कळतं. नुसतं घड्याळ बसवून हे साधत नाही. घड्याळ वाचण्यातही वेळ जातोच. हीच पद्धत पुढे ‘ॲक्टिव्ह लॉजिक’ म्हणून वाढली.