घर चुकलेल्या पेशी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळात मी भजनाला आणि रुखवताच्या कामाला नेहमी पुढे असते. बोलायला उभी राहण्याची ही पहिलीच वेळ. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मेंदूसारख्या विषयावर ही बाई काय बोलणार, असे तुम्हांला वाटले तर नवल नाही. पण हा विषय मी पुस्तकातून घेतलेला नाही. तो आमच्या घरच्या पाळण्यातून आला.

चार वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या जावेला मुलगा झाला. बाळ गोंडस होते. पाचव्या महिन्यात झोपेतून उठले की ते मान आणि हात एकदम पुढे झुकवी. एकामागून एक, दहा-बारा वेळा. मीच कौतुकाने म्हणाले, "बघा, आमचा बाळ नमस्कार करतो!" शेजारणींना बोलावून दाखविले. त्यात तीन आठवडे गेले. भगिनींनो, ते नमस्कार नव्हते, ते झटके होते. डॉक्टरांनी मेंदूचा एम.आर.आय. काढविला आणि सांगितले की, मेंदूवर ज्या वळ्या असतात त्या या बाळाच्या मेंदूवर जवळजवळ नाहीतच. मेंदू गुळगुळीत आहे. या दोषाला लिसेनसेफली म्हणतात.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "ग्रहणात विळीवर बसली होती ना, त्याचे हे फळ." मीही मान डोलावली. जाऊ काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून ती आमच्या पंगतीला बसेना. सर्वांचे झाले की एकटीच जेवी.

पुढच्या खेपेला मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले आणि डॉक्टरीणबाईंना सरळ विचारले, "बाई, ग्रहणाने असे होते का?" त्यांनी कागदावर चित्र काढून मला सारे समजावले. ते माझ्या शब्दांत सांगते.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्या जेथे जन्मतात तेथे राहत नाहीत. मेंदूच्या आत पाण्याने भरलेल्या पोकळ्या असतात. विचार करणाऱ्या वरच्या सालीतील बहुतेक पेशी या पोकळ्यांच्या कडेला जन्मतात आणि तेथून वर जातात. आपल्यासारखेच त्यांचे, माहेर एकीकडे आणि नांदायचे दुसरीकडे. हा प्रवास मुख्यतः गर्भाच्या तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात होतो.

वाट दाखवायला आतून वरपर्यंत ताणलेल्या दोऱ्यांसारख्या दुसऱ्या पेशी असतात. मांडवाच्या सुतळीला धरून वेल चढावा, तशा या पेशी त्यांना धरून चढतात. पास्को राकिच नावाच्या शास्त्रज्ञांनी माकडांच्या गर्भाचा अभ्यास करून १९७२ साली हे दाखविले. वर सहा थर असतात. चाळीत आधी आलेली बिऱ्हाडे खालचे मजले धरतात आणि मागून आलेली त्यांच्या दारावरून वर जातात. येथेही बहुतेक तसेच होते. पेशी जागेवर बसल्या आणि थर नीट लागले की मग मेंदूला वळ्या पडू लागतात.

आता काही कारणाने पेशी वाटेतच थांबल्या, तर थर लागत नाहीत आणि वळ्याही पडत नाहीत. आमच्या बाळाचे तेच झाले. पाचव्या महिन्यापर्यंत प्रत्येकच बाळाचा मेंदू बराचसा गुळगुळीत असतो, म्हणून तेव्हाच्या सोनोग्राफीत हा दोष सहसा उमगत नाही.

थांबतात का, तर पुष्कळदा एखाद्या जनुकातील बिघाडामुळे. पेशीला पुढे ओढण्याच्या कामी लागणारे एक जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे. ते १९९३ साली सापडले. आमच्या बाळात तेच बिघडले आहे. हा बिघाड बहुधा नव्यानेच होतो. आईत नसतो, बापातही नसतो. दुसऱ्या एका जनुकाचा दोष कधी आईकडून येतो. त्यात मुलग्यांचा मेंदू गुळगुळीत होतो, तर मुलींत काही पेशी पोचतात आणि उरलेल्यांचा खाली दुसरा थर होतो. पण तो दोष आईने जन्मतःच आणलेला असतो. तिच्या हातून घडलेली ती चूक नव्हे. गरोदरपणी होणाऱ्या काही विषाणूंच्या आजारांनी किंवा मद्यानेही हा प्रवास बिघडू शकतो. ग्रहण, विळी, कुणाची नजर यांतले काहीही तेथवर पोचत नाही.

आणखी एक प्रकार आहे. काही पेशी माहेरीच गाठी करून राहतात. हा बहुतेक मुलींत आढळतो. मुलगी हुशार असते, शाळेत जाते, आणि वयात येताना एक दिवस तिला पहिला झटका येतो. अशा मुलीच्या अंगात आले म्हणून तिला कुठे बसवू नका. आधी डॉक्टरांकडे न्या.

त्या रात्री मी स्वयंपाकघरात जावेला म्हटले, "अगं, चुकले माझे." ती म्हणाली, "ताई, तुम्ही बोललात म्हणूनच नव्हे. मलाही रोज रात्री वाटायचे, खरेच विळीने झाले असेल का?" आम्ही दोघी मग एका ताटात जेवलो. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना तेच चित्र मी काढून दाखविले. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिचे पान आज माझ्याजवळ मांड."

बाळ आता चार वर्षांचे आहे. चालत नाही, बोलत नाही. या दोषावर बरे करणारे औषध नाही, हे मी लपवीत नाही. पण इंजेक्शनांनी आणि गोळ्यांनी झटके पुष्कळ कमी झाले. रोजच्या व्यायामाने मान धरू लागले आहे. आईचा आवाज आला की हसते.

तुम्हांला तीनच गोष्टी सांगते. बाळ पुन्हा पुन्हा असा नमस्कार करू लागले तर कौतुक करीत बसू नका. फोनवर चित्रफीत काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण उपचार जितके लवकर तितके बरे. कुणालाही झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, आणि पाच मिनिटांत थांबला नाही तर तडक दवाखाना गाठा. तिसरी गोष्ट, असे मूल असलेल्या घरात पुढच्या बाळाआधी आनुवंशिक रोगांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.

आणि हळदीकुंकवाला अशी एखादी आई आली, तर तिला "काय खाल्ले होतेस, काय केले होतेस" असे विचारू नका. बाळाला क्षणभर मांडीवर घ्या. तिला तेवढे पुरते.